हॉस्पिटलची ड्युटी सांभाळून हेल्थकेअर मॅनेजमेंटची डिग्री कशी पूर्ण करायची (नाशिककरांसाठी)

मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत आणि इकडे पार आडगावपर्यंत नाशिकमध्ये एवढी हॉस्पिटलं झालीयत, आणि त्या प्रत्येकात रिसेप्शनला, बिलिंगला, विम्याचे क्लेम बघणाऱ्या टीपीए डेस्कला, स्टोअरला, पेशंटच्या फाइली ठेवणाऱ्या एमआरडीत अशी माणसं बसलीयत ज्यांना हॉस्पिटल कसं चालतं ते तोंडपाठ आहे पण डिग्री अर्धवट राहिलीय. कुणी एफवाय करून सोडलं, कुणी बारावीनंतर सहा महिन्यांचा डिप्लोमा करून लगेच कामाला लागलं. मी त्यातलीच. एसवायबीकॉमला असताना वडिलांचं आजारपण निघालं, घरात पैसा लागत होता, मी एका हॉस्पिटलात रिसेप्शनला लागले आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. आठ वर्षांनी तिथंच असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली, ते काम मी आधीच करत होते, सगळ्यांना माहीत होतं, पण जाहिरातीत 'किमान पदवीधर' लिहिलेलं होतं आणि जागा बाहेरच्या माणसाला गेली. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला काम मीच शिकवलं. पण त्या महिन्यातच मी फॉर्म भरला आणि नोकरी न सोडता डिग्री पूर्ण केली. ही सगळी माहिती मला दहा जणांना विचारून तुकड्यातुकड्यांत मिळाली, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय.

आधी रस्ता ठरवा, फॉर्म नंतर भरा

बहुतेक जण इथंच चुकतात. कुणीतरी सांगतं अमक्या इन्स्टिट्यूटमध्ये 'हॉस्पिटल मॅनेजमेंट' आहे, एक वर्षात होतं, आपण पैसे भरून मोकळे होतो आणि मग कळतं की ते सर्टिफिकेट आहे, डिग्री नाहीच. तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की डिग्री कोणती युनिव्हर्सिटी देणार आणि डिग्रीच्या कागदावर नाव काय येणार. बीबीए असेल, बीव्होक असेल, बीएस्सी असेल, त्यापुढे हॉस्पिटल मॅनेजमेंट किंवा हेल्थकेअर मॅनेजमेंट हे स्पेशलायझेशन. शॉर्ट फॉर्मवर तर अजिबात जाऊ नका, बीएचएम म्हटलं की निम्मे लोक हॉटेल मॅनेजमेंट समजतात आणि उरलेले होमिओपॅथी. जाहिरातीत फक्त शॉर्ट फॉर्म असेल तर पूर्ण नाव लेखी मागा.

दुसरा गोंधळ खास नाशिकचा. आपल्याकडे दोन मोठी विद्यापीठं आहेत आणि लोक सर्रास चुकीच्या गेटवर जाऊन उभे राहतात. म्हसरूळला दिंडोरी रोडवर आहे ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ चं, ते मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओ, पॅरामेडिकल यांचं. नावात आरोग्य आहे म्हणून आपली मॅनेजमेंटची डिग्री तिथंच असणार असं वाटतं पण बीबीए, बीकॉम हे त्यांचं काम नाही. गोवर्धनला गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे ते यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ चं, नोकरी करणाऱ्यांसाठीच काढलेलं, बीकॉम-बीए तिथून मराठीतून करता येतं. आणि शहरातली नेहमीची आर्ट्स-कॉमर्स-बीबीएवाली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतात, त्यांचं नाशिकला उपकेंद्र आहे, त्यामुळे दर कामाला शिवशाहीत बसून पुण्याला पळायच्या आधी उपकेंद्रात विचारून घ्या.

आता तुमच्या बाबतीत कोणता रस्ता? वय लहान आहे, घरचे दोन-तीन वर्षं सांभाळून घेतील असं असेल तर रेग्युलर बीबीए करा, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आलेत आणि राज्याच्या सीईटी सेलची सीईटी द्यावी लागते, ही गोष्ट बऱ्याच पालकांना अजून माहीत नाही आणि मुलं सीईटीची तारीख हुकवून बसतात. काही कॉलेजांनी तोच कोर्स वेगळ्या नावानं चालू ठेवलाय, तिथंही डिग्रीवर काय येणार ते बघूनच पुढे जा.

नोकरी सोडणं शक्यच नसेल तर डिस्टन्स किंवा ऑनलाइन. यात दोन प्रकार पडतात. एक म्हणजे थेट हॉस्पिटल मॅनेजमेंट स्पेशलायझेशन असलेली बीबीए, मी हेच केलं. दुसरं म्हणजे मुक्त विद्यापीठातून बीकॉम करून पदवीधर व्हायचं आणि मग हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा पीजी डिप्लोमा किंवा मास्टर्स करायचं. ज्यांचं शिक्षण मराठीतून झालंय आणि इंग्रजीची धास्ती आहे त्यांना मी मनापासून दुसरा रस्ता सांगते, कारण पदवी आपल्या भाषेत नीट समजून होते आणि तोपर्यंत हॉस्पिटलातले इंग्रजी शब्द कानावर पडून पडून आपोआप बसतात. डिस्टन्सची डिग्री कमी प्रतीची असं कुणी म्हणालं तर घाबरू नका, मान्यताप्राप्त संस्थेची डिस्टन्स आणि ऑनलाइन डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरावी असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. फक्त 'मान्यताप्राप्त' या शब्दावर सगळं आहे. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर, डीईबी म्हणतात तिला, युनिव्हर्सिटीचं नाव, कोर्सचं नाव आणि तुमच्या अ‍ॅडमिशनचं सेशन या तिन्ही गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत. नुसती युनिव्हर्सिटी सापडली म्हणून चालत नाही, गेल्या वर्षीची मान्यता यंदा असेलच असं नाही. एजंट पीडीएफ पाठवतो ती बघू नका, स्वतः साइट उघडा.

अजून एक. आपण करतोय ते मॅनेजमेंट आहे. लॅब टेक्निशियन, डाएटिशियन, फिजिओ अशी जी अलाइड हेल्थची कामं २०२१ च्या कायद्याखाली येतात त्यांचे कोर्स डिस्टन्सनं घ्यायला यूजीसीनं २०२५ पासून बंदी घातलीय. त्यामुळे डीएमएलटीवाल्या, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेल्या, कुणाला 'घरबसल्या बीएमएलटी' ही लॅबची डिग्री असं कुणी सांगत असेल तर तिथून उठा. आणि जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या सिस्टर असाल आणि नर्सिंगमध्येच वर जायचं असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग हा तुमचा रस्ता, बीबीए तेव्हाच करा जेव्हा वॉर्ड सोडून ऑपरेशन्स किंवा क्वालिटीमध्ये यायचं पक्कं असेल.

जुनं शिक्षण वाया जातं का

सगळंच जात नाही, पण सगळं मिळेल असंही धरून चालू नका. नवीन शैक्षणिक धोरणात प्रत्येक वर्षाचे क्रेडिट, म्हणजे केलेल्या अभ्यासाची एककं, मोजले जातात, आपल्याकडे पहिल्या वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांची डिग्री १२० ते १३२ ला होते, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ला. क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. म्हणजे तुम्ही दोन-तीन वर्षांपूर्वी एफवाय करून सोडलं असेल तर आज, लगेच, उठा आणि जुन्या कॉलेजला लेखी अर्ज द्या. माझ्या बाबतीत मधे आठ वर्षं गेली होती, मी नव्यानं पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. तेव्हा वाईट वाटलं होतं पण खरं सांगते, पहिल्या वर्षाचे अकाउंट्स आणि इकॉनॉमिक्स परत केले त्याचाच पुढे कॉस्टिंगला फायदा झाला.

अर्ज तोंडी कधीच करायचा नाही. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन परत आणायची. मी चार खेपा घातल्या आणि चारही वेळा 'उद्या या' ऐकलं, पाचव्या वेळी शिक्का असलेली पोच दाखवली तेव्हा फाइल सापडली.

कागदांपैकी सगळ्यात जास्त त्रास नावाचा होतो, विशेषतः लग्न झालेल्या आपल्या बायकांना. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. आता अ‍ॅडमिशनला एबीसी आयडी, म्हणजे त्या क्रेडिटच्या बँकेतला नंबर, लागतो, तो आधारवरून डिजिलॉकरमधून बनतो, आणि डिस्टन्सला त्यावरून पुढे डीईबी आयडी काढावा लागतो, त्यामुळे नाव जुळलं नाही की साखळी पहिल्याच कडीला तुटते. फॉर्म सुटायच्या दोन महिने आधी बसून मार्कशीट, आधार, पॅन तिन्ही समोर ठेवा, अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि जो फरक असेल तो तेव्हाच मिटवा, आधार दुरुस्त करायचं की गॅझेट करून घ्यायचं ते ठरवा. मॅरेज सर्टिफिकेट जवळ ठेवा. युनिव्हर्सिटी बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, तेही आधीच मागून ठेवा, ते एका दिवसात मिळत नाही.

ड्युटी आणि अभ्यास

सुपरवायझरपासून लपवून अभ्यास करू नका. मी पहिले सहा महिने कुणाला सांगितलंच नव्हतं आणि पेपरच्या दिवशी मॉर्निंग ड्युटी लागली, ऐनवेळी बदली करायला कुणी मिळेना, शेवटी एका ब्रदरनी (पुरुष नर्सनी) स्वतःची सुट्टी मोडून माझं काउंटर सांभाळलं. त्यानंतर मी टाइमटेबल आलं की दुसऱ्याच दिवशी इनचार्जला प्रिंट देत होते आणि बदल्यात दिवाळी-गणपतीच्या ड्युट्या मी घेते असं ठरवून टाकलं. असा सरळ व्यवहार केला की लोक मदत करतात.

नाइटला रात्री दोन ते चार हॉस्पिटल शांत असतं असं बाहेरच्यांना वाटतं. कॅज्युअल्टीच्या काउंटरवर ते खरं नसतं, त्यामुळे नाइटच्या भरवशावर अभ्यास ठेवू नका. मला जमलं ते असं की सिटीलिंकमध्ये निमाणीपर्यंतचा जो वेळ जायचा त्यात फोनवर लेक्चर ऐकायचं आणि ड्युटी संपल्यावर घरी न जाता कँटीनमध्येच चाळीस मिनिटं बसून लिहायचं. घरी गेलं की कुकर, मुलं, पाणी, सगळं सुरू होतं, हे ज्या बायका वाचतायत त्यांना वेगळं सांगायला नको.

विषय समजून घ्यायचे ते हॉस्पिटलातच

या कोर्समध्ये साधारण काय काय असतं तर मॅनेजमेंटची तत्त्वं, अकाउंट्स आणि कॉस्टिंग, स्टॅटिस्टिक्स, सार्वजनिक आरोग्य, हॉस्पिटल प्लॅनिंग, मटेरियल मॅनेजमेंट, एचआर, आरोग्याचे कायदे, क्वालिटी, हॉस्पिटल इन्फर्मेशन सिस्टिम, इन्शुरन्स आणि शेवटी प्रोजेक्ट. यादी बघून छाती दडपते पण यातलं निम्मं तुम्ही रोज करताय, फक्त त्याला पुस्तकात काय म्हणतात ते माहीत नाहीये. मी एक दोनशे पानी वही केली, डाव्या पानावर पुस्तकातला शब्द, उजव्या पानावर आमच्या हॉस्पिटलात तो कुठे दिसला. ही वहीच मला पास करून गेली.

स्टॅटिस्टिक्सचं उदाहरण घ्या. सगळे त्याला घाबरतात. एमआरडीत रोज रात्री बारा वाजता सेन्सस निघतो ना, किती पेशंट अ‍ॅडमिट आहेत तो आकडा, तिथूनच सगळं सुरू होतं. समजा ५० बेडचं हॉस्पिटल आणि ३० दिवसांचा महिना, म्हणजे उपलब्ध बेड-दिवस झाले १५००. महिन्याभराच्या रोजच्या सेन्ससची बेरीज आली ११४०. मग बेड ऑक्युपन्सी ११४० भागिले १५०० गुणिले १००, म्हणजे ७६ टक्के. महिन्यात डिस्चार्ज झाले २८५, तर सरासरी मुक्काम ११४० भागिले २८५ म्हणजे ४ दिवस. आणि एका बेडवर महिन्यात किती पेशंट फिरले तर २८५ भागिले ५०, ५.७. बस एवढंच आहे. पण परीक्षेत नुसता आकडा काढून थांबू नका, पुढे लिहा की ७६ टक्क्यांचा अर्थ काय, मॅटर्निटी रिकामी आणि आयसीयू फुल असेल तरी सरासरी ७६ च येईल म्हणून वॉर्डवार आकडा काढायला पाहिजे. हे वाक्य पुस्तक पाठ केलेल्याला सुचत नाही, बेडसाठी नातेवाइकांचे फोन घेतलेल्याला सुचतं, आणि मार्क तिथंच मिळतात.

कॉस्टिंगला ब्रेक-इव्हन येतं. फिजिओथेरपीचं मशीन घेतलं असं धरा, त्याचा हप्ता, जागा, स्टाफ मिळून महिन्याला ६०,००० चा ठरलेला खर्च, एका सेशनचे ५०० घेतो, त्यातले १०० दर सेशनच्या सामानाला जातात, उरले ४००. ६०,००० भागिले ४००, म्हणजे १५० सेशन झाली की खर्च निघाला. महिन्यात २५ दिवस चालू असेल तर रोज सहा पेशंट. आता तुमच्या हॉस्पिटलातल्या कुठल्याही एका मशीनचं असं गणित मांडून बघा, धडा परत वाचायची गरज पडणार नाही.

स्टोअरवाल्यांना मटेरियल मॅनेजमेंट हातचा विषय आहे. इथलं एबीसी वेगळं, ते म्हणजे पैशाच्या हिशोबानं वर्गवारी, ए महाग आणि सी स्वस्त, आणि व्हीईडी म्हणजे जिवाच्या हिशोबानं, व्ही सगळ्यात गरजेचं. अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन किमतीनं सी मध्ये जातं पण गरजेनं व्ही मध्ये, ते संपलं तर चालणारच नाही, म्हणून दोन्ही एकत्र बघायचं. आणि रॅकवर नवीन माल मागे आणि जवळची एक्स्पायरी पुढे लावायला मामांना सांगता ना, त्यालाच फेफो म्हणतात, आधी एक्स्पायर होणारं आधी बाहेर.

बायोमेडिकल वेस्टचे रंग तर सफाईच्या मावशींना विचारा, त्या झोपेत सांगतील. पिवळ्यात रक्तानं भरलेला कापूस, ड्रेसिंग आणि शरीराचे भाग, लाल पिशवीत आयव्ही सेट, कॅथेटर, ग्लोव्हज असं प्लास्टिक-रबर, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड, निळ्यात काचेच्या बाटल्या आणि धातूचे इम्प्लांट. नियम २०१६ चे, प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. मी हा धडा आमच्या मजल्यावरच्या मावशींबरोबर एक सकाळ फिरून केला, त्यांनी मला दाखवलं की सलाइन लावताना सिस्टर घाईत असली की सुई लाल पिशवीत जाते आणि ती पिशवी उचलणाऱ्याच्या पोटरीला लागते. त्यांच्या पायावर तो डाग होता. उत्तरपत्रिकेत 'वर्गीकरण उगमाशीच व्हावे' लिहिताना मला तो पाय दिसत होता.

कायद्याच्या विषयात सनावळ्या लागतात पण त्या कामाशी जोडल्या की लक्षात राहतात. दवाखान्याच्या नोंदणीसाठी आपल्या राज्यात महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ चालतो, केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्याकडे लागू केलेला नाही, हा प्रश्न हमखास येतो आणि बाहेरच्या राज्यातल्या लेखकाचं पुस्तक वाचून लोक चुकतात. सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी १९९४, प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म एफ, आणि महिन्याचा रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये ठरवलं, म्हणून तर आपल्याकडे कन्सेंट फॉर्म आणि फाइलवरची प्रत्येक सही एवढी महत्त्वाची.

सार्वजनिक आरोग्य हा विषय शहरात राहणाऱ्यांना कोरडा वाटतो. भोर समितीचा अहवाल १९४६, अल्मा-आटाचा आरोग्य जाहीरनामा १९७८, आरोग्य उपकेंद्र सपाट भागात ५००० लोकसंख्येला आणि डोंगरी-आदिवासी भागात ३००० ला, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० आणि २०,०००, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीला १,२०,००० आणि ८०,०००. पाठ करून विसरायला होतं. माझी मावसबहीण सुरगाण्याकडे एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, आहे, एका रविवारी तिच्याकडे गेले आणि तिच्याबरोबर दोन पाड्यांवर चालत फिरले. व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला, मधे ओहोळ, आणि पावसाळ्यात तो भरला की दिवसभर पलीकडेच अडकायचं. आदिवासी भागाला वेगळा आकडा का ठेवला ते त्या दिवशी पायांना कळलं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी, कळवण आपल्याच जिल्ह्यात आहेत, एकदा जाऊन या, आपल्या काउंटरवर तिकडून आलेला पेशंट एवढा उशिरा का आला याचा अंदाज येतो. मग महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या डेस्कवर पेशंटला मदत करणाऱ्या आरोग्यमित्राशेजारीही एक दिवस बसा, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कव्हर कागदावर असतं पण रेशन कार्डावर सुनेचं नाव चढवलेलं नसलं की कशी धावपळ होते ते तिथं दिसतं.

आणि एक विषय असा आहे जो नाशिकच्या माणसानं ऑप्शनला टाकू नये, फॅसिलिटी मॅनेजमेंट. २१ एप्रिल २०२१. कोविडची दुसरी लाट, आपल्या शहरातल्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, आत पुरवठ्याचं प्रेशर पडलं आणि त्या एका दिवसात २२ पेशंट गेले. त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक हॉस्पिटलात कुणीतरी धावत जाऊन आपला मॅनिफोल्ड, म्हणजे ऑक्सिजनचे सिलिंडर जोडलेली जागा, बघून आलं, आमच्याकडेही. टाकी, बॅकअप सिलिंडरची रांग, प्रेशरचा अलार्म, कोणता व्हॉल्व्ह कोण बंद करणार, रात्री तीन वाजता तो माणूस कुठे असणार, हे सगळं याच विषयात आहे. मी हा पेपर सगळ्यात जास्त मन लावून केला. तुम्हीही तुमच्या मेंटेनन्सवाल्या दादांना सांगून एकदा मॅनिफोल्ड रूममध्ये उभं राहून सगळं समजून घ्या, ते परीक्षेला आलं नाही तरी घ्या.

क्वालिटीत एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता, येतं, दहा चॅप्टर, पाच पेशंटकडून बघणारे आणि पाच संस्थेकडून. तुमच्या हॉस्पिटलला एनएबीएच असेल तर क्वालिटी ऑफिसरशी मैत्री करा, त्यांना ऑडिटच्या आधी हात हवेच असतात.

प्रोजेक्ट

बाजारात तयार प्रोजेक्ट मिळतात, छापून बाइंडिंग करून देतात. घेऊ नका. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, दोन प्रश्नांत पकडतात ते सोडा, पण तुम्ही जिथं रोज आठ तास काढता तिथला एक प्रश्न नीट मांडून बघायची ही एकच संधी कोर्समध्ये मिळते.

विषय छोटा घ्या. 'नाशिकमधील आरोग्यसेवांचा अभ्यास' असं काही घेतलं तर शेवट होत नाही. मी डिस्चार्जला लागणारा वेळ घेतला. डॉक्टर राउंडला साडेदहाला म्हणतात "आज घरी सोडा", नातेवाईक बॅगा भरून बसतात, गावाकडून गाडी बोलावतात, आणि संध्याकाळी पाच वाजले तरी बिल तयार नसतं, मग सगळा राग काउंटरवरच्या मुलीवर निघतो. मी एक साधा कागद केला, प्रत्येक फाइलला एक, त्यावर रकाने: डॉक्टरांनी सांगितलं ती वेळ, डिस्चार्ज समरी लिहून झाली, उरलेली औषधं फार्मसीत परत गेली, फाइल बिलिंगला आली, टीपीएला पाठवली, अप्रूव्हल आलं, बिल भरलं, पेशंट बेडवरून उठला. आठ वेळा, आठ रकाने. सगळ्यांना वाटत होतं इन्शुरन्सवाले उशीर करतात. कागद भरत गेले तसं दिसलं की कॅशच्या पेशंटलाही उशीर होतोय, आणि फाइल सगळ्यात जास्त वेळ नर्सिंग स्टेशनच्या ट्रेमध्ये पडून राहतेय, कारण समरी लिहिणारे आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे निवासी डॉक्टर, त्या वेळी ओपीडीत असतात. उपाय साधा निघाला, दुसऱ्या दिवशी कोण घरी जाणार हे आदल्या संध्याकाळीच ठरवून समरीचा कच्चा मसुदा तयार ठेवायचा. कॅशलेससाठी आयआरडीएआय या विमा नियामकानं २०२४ मध्ये डिस्चार्जच्या अप्रूव्हलला तीन तासांची मर्यादा घातलीय, तुम्ही हा विषय घेतला तर आपल्याकडची वेळ तिच्याशी ताडून बघता येईल.

मोजायच्या आधी मॅनेजमेंटची लेखी परवानगी घ्या, रिपोर्टमध्ये पेशंटचं नाव, आयपीडी नंबर काही येऊ देऊ नका, नुसता अनुक्रमांक. आणि सिस्टर लोकांना आधीच सांगा की ही चुका काढायची वही नाही, नाहीतर वेळा खोट्या भरल्या जातात.

पेपर लिहिताना, फी भरताना

इंग्रजीतून पेपर असेल तर लांब वाक्यांच्या नादी लागू नका. एक व्याख्या, एक आकृती किंवा तक्ता, एक आपल्या हॉस्पिटलातलं उदाहरण, नाव न घेता. मागच्या पाच वर्षांचे पेपर मिळवा, निम्मे प्रश्न फिरून फिरून तेच. एखादा विषय राहिला तर त्याचा फॉर्म पुढच्याच वेळी भरा, मी अशा दोन मैत्रिणी बघितल्यात ज्यांचा एकच पेपर राहिला आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत मुदत संपली.

फी हप्त्यानं भरता येते का ते विचारा. रेग्युलरला असाल तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत करा, उत्पन्नाचा दाखला आणि जात प्रमाणपत्र जूनच्या गर्दीआधी सेतूतून काढून ठेवा. काही हॉस्पिटलं स्टाफची अर्धी फी भरतात पण बॉन्ड लिहून घेतात, किती वर्षांचा आणि मधेच सोडलं तर किती भरायचे ते वाचूनच सही करा.

रिझल्ट लागल्यावर काम संपत नाही. पासिंग सर्टिफिकेट आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट हातात घ्या, डिजिलॉकरमध्ये आल्यात का बघा, आणि दीक्षान्त समारंभाचा फॉर्म सुटला की लगेच भरा, तो भरल्याशिवाय मूळ डिग्री येत नाही आणि मास्टर्सला किंवा सरकारी जागेला तीच मागतात. मग एक साक्षांकित प्रत एचआरकडे द्या, सोबत दोन ओळींचा अर्ज, की माझ्या सर्व्हिस फाइलला ही नोंद घ्यावी. आणि त्या अर्जाचीही पोच घ्या.